थांबा : आठ तास

स्वारगेटला एकतीस वर्षं
मी गाड्यांच्या वेळा आखल्या.
सासवड, जेजुरी, मोरगाव,
दहा मिनिटं चहाला, मग कंडक्टरची घंटी,
आणि मागून पिशवी सांभाळत धावत येणारी एखादी बाई,
जिच्यासाठी ड्रायव्हर हमखास ब्रेक दाबायचा.
ते कागदावर कुठेच नसायचं.

आता जेवणाच्या टेबलावर बाल्टिक समुद्र पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर शरयूचा चष्मा,
नाहीतर पंख्याने स्टॉकहोम उडून जातं.

टिळक रोडवरची ट्रॅव्हलवाली मुलगी म्हणाली होती,
काका, जहाज कोणासाठी थांबत नाही.
साडेपाचला शिडी उचलतात.
मला बरं वाटलं.
शेवटी एक शिस्तीचं खातं भेटलं.

लाल-निळी पेन्सिल काढली.
कोपनहेगन : चढणे.
वार्नेम्युंडे : तिथून म्हणे बर्लिन,
जायला तीन तास, यायला तीन,
म्हणजे महाबळेश्वरला जाऊन
एक कणीस खाऊन परत. खोडलं.
हेलसिंकी : बाजार धक्क्यालगतच. चालत.
स्टॉकहोम : बुडालेलं जहाज वर काढून ठेवलंय, ते बघणे.
जहाजातून उतरायचं ते जहाज बघायला?
शरयू भाजी निवडता निवडता म्हणाली.
शेजारच्या दातारांचा सल्ला एकच :
प्रत्येक बंदरात आधी मुतारी हेरून ठेवा.
तो मी लाल पेन्सिलीने लिहिला.

टालिन आलं तेव्हा ती उठली.
एलआयसीच्या फायलीतून
निळसर पाकिटांचा एक गठ्ठा काढला.

अठ्ठ्याहत्तर साली ती रशियन शिकायची,
फर्ग्युसन रस्त्यावर, संध्याकाळच्या वर्गात.
बाईंनी प्रत्येकीला एकेक पत्रमैत्रीण वाटून दिली,
खडू वाटावेत तशी.
हिच्या वाट्याला मारेत आली.
मारेतला रशियन आवडायचं नाही,
हिला धड यायचं नाही,
दोघी चुका करत अकरा वर्षं लिहीत राहिल्या.
बर्फ किती पडला. पगार किती वाढला.
मुलगी झाली. आई गेली.
घर बदललं, नवा पत्ता वर लिहिलाय.

तो वरचा कोपरा पाकिटावर नव्हता.
दातारांच्या मुलाला तिकिटांचा नाद होता तेव्हा,
आणि कात्री माझ्या हातात.
शरयू कधी बोलली नाही.
आत्ताही नाही.
पाकीट फक्त माझ्याकडे सरकवलं.

उरलेल्या अर्ध्या नावाचा रस्ता
मी लॅपटॉपवर तासभर शोधला.
देशच बदलला, रस्त्यांचं काय घेऊन बसलात, ती म्हणाली.
तटबंदी नको मला, चढण नको, चर्चही नको.
टालिनच्या रकान्यात काही लिहू नका.

रिकामा रकाना!
आठ तास नुसतं करणार काय?
बसेन. ट्रामच्या थांब्यावर.
येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघेन,
माझ्या वयाच्या.
चारला तरी परत निघ, मी म्हणालो.
बघू, म्हणाली.
आणि मला पिशवी सांभाळत धावणारी ती बाई दिसली,
आणि वर, खूप वर,
ब्रेक नसलेला एक कप्तान.

रात्री मी त्या रकान्यात
शिसपेन्सिलीने, खोडता येईल असं, लिहिलं :
राखीव.
डेपोत एक गाडी नेहमी राखीव असायची.
डिझेल भरलेली, पाटी कोरी.

हल्ली ती सकाळी गॅसपाशी उभी राहून
तिथली भाषा घोकते.
रशियन नको म्हणते, आता तरी तिच्यावर नको.
नमस्कार म्हणजे तेरे.
आभार म्हणजे आइता.
मी आतून विचारतो,
आयता? काय आयता, चहा?
आयता नाही, म्हणते,
उठा आणि गाळून घ्या.